अपघाताविना ६३९ दिवस

क्वार्टर ४२, पंप कारखाना टाउनशिप,
कोटरा सुल्तानाबादच्या पुढे, भोपाळ
६ नोव्हेंबर १९९५

ती. दादा,

तुला आणि मालतीवहिनीला नमस्कार. फराळ पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. ग्वाल्हेरला पोचेपर्यंत चकल्या मऊ पडल्या हे कळवल्याबद्दल आभारी आहे. पुढच्या वर्षी दगड पाठवते, ते मऊ पडणार नाहीत.

आता मुद्द्याचं. तुझ्या भाचीला विमानातून उडी मारायची आहे. मी शुद्धीवर आहे आणि तूही नीट वाचलं आहेस. वंदना इंद्रपुरीच्या क्लासमध्ये पोरांना गणित शिकवते, स्वतः तेवीस वर्षांची घोडी झाली, आणि गेल्या रविवारी पोहे खाता खाता तिनं जाहीर केलं की जानेवारीत ती पॅराशूट घेऊन उडी मारायला शिकणार. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘आई, का ते मलाही नक्की माहीत नाही, पण मन झालंय.’ मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पोह्यांवर लिंबू पिळत बसले. दोन तासांनी निकाल दिला: ‘उडी ती मारेल. जागा आपण निवडू. सुरक्षा हे तुझं खातं आहे, तेव्हा तूच निवड.’ वंदनालाही ते पटलं. म्हणजे पोरीच्या जिवाची जबाबदारी फिरून माझ्याच पदरात.

माझं खातं म्हणजे काय, ते तुला ठाऊकच आहे. मी कारखान्याच्या सुरक्षा विभागात कारकून. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरातल्या वायुकांडानंतर आमच्या गेटवर तो मोठा फलक लागला, ‘अपघाताविना इतके दिवस’. रोज सकाळी पावणेआठला स्टुलावर चढून त्यावरचे पत्र्याचे आकडे मी बदलते. सोमवारी रविवारचाही दिवस धरते. आज ५४१ लावले. त्यापलीकडे मला सुरक्षेतलं काय कळतं?

तू मात्र एकतीस वर्षं आग्र्याला फौजेच्या पॅराशूटांच्या घड्या घातल्यास. तेव्हा तूच सांग. वंदनानं दोन जागा शोधल्यात. एक इंदूर रस्त्यावरचा ‘गगनविहार क्लब’. रंगीत माहितीपत्रक, राहायला खोल्या, जेवणात पनीर. दुसरी सागरच्या बाजूला एका जुन्या धावपट्टीवर, कोणी निवृत्त सुभेदार रघुवीर तोमर म्हणून आहेत ते शिकवतात. त्यांचं माहितीपत्रक नाही. पत्ता वंदनाला कोणाच्या तरी वहीच्या मागच्या पानावर मिळाला.

मला तर पहिलीच बरी वाटते. पण तू म्हणशील तसं. लवकर लिही, माझं जेवणात लक्ष नाही.

तुझी,
सिंधू

*

लष्कर, ग्वाल्हेर
१४ नोव्हेंबर १९९५

सिंधू,

तुझं पत्र मालतीनं मोठ्यानं वाचलं आणि दगडांपाशी थांबून हसली. मला हसू आलं नाही. पोरीला नको म्हणून सांग, असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला. फौजेतली अठरा वर्षांची पोरं मी बांधलेलं पॅराशूट पाठीला लावून जायची तेव्हा मी कधी नको म्हटलं नाही, मग भाचीला कोणत्या तोंडानं म्हणू.

तेव्हा ऐक. पनीर सोड. खोल्या सोड. नवख्याची पहिली उडी बहुतेक अशी असते की विमानाला एक पट्टा अडकवलेला असतो, माणूस बाहेर पडला की तोच पॅराशूट उघडतो. त्यामुळे पोर हवेत काही ओढायला विसरेल अशी काळजी करू नकोस. काळजी जमिनीवरची कर. पॅराशूटची घडी कोण घालतं आणि सही कोण करतं, ते विचार. पोटावर दुसरं, राखीव पॅराशूट असतं का, विचार. पहिल्या उडीआधी किती दिवस जमिनीवर लोळायला शिकवतात, विचार, कारण उतरताना उभं राहायचं नसतं, लोळायचं असतं. आणि वारा वाढला तर थांबा म्हणायचा हक्क कोणाला आहे, ते विचार. अशा वेळी किती जणांना घरी पाठवलं, तेही.

जागा पाहून निवडायची नसते, सिंधू. तीच जागा सोमवारी बरी असेल आणि मंगळवारी नसेल. आता तू म्हणशील दादानं आणखी गोंधळ घातला. घातलाच आहे. पण विचारून पाहा, आणि काय उत्तरं येतात ते मला कळव.

मालती म्हणते, चकल्या चांगल्या होत्या.

दादा

*

भोपाळ
४ डिसेंबर १९९५

ती. दादा,

तुझ्या पत्रानं माझ्या डोक्याचा पार चिवडा झाला. सोमवारी बरी, मंगळवारी नाही, म्हणजे मी पोरीला कुठल्या वारी पाठवायचं?

पण मी सरकारी नोकर आहे. प्रश्न आले की तक्ता आखायचा, हे मला येतं. ऑफिसचा जुना सुरक्षा-तक्ता घेतला, त्यात तुझे सगळे प्रश्न घातले, सर्वांत वर माझा एक घातला: ‘अपघाताविना एकूण दिवस’. दोन्हीकडे टपालानं पाठवला. ह्यांनी विचारलं, ‘आवक-जावक क्रमांक टाकलास का?’ टाकला होता.

गगनविहारचं उत्तर आठ दिवसांत आलं. टाइप केलेलं, शिक्क्यासकट. अपघाताविना दिवस: ३६५०. दादा, दहा वर्षं! आमचा ५६९ आहे तर मुख्य कार्यालय आम्हाला मार्चमधल्या सुरक्षा दिनाला ढाल देणार म्हणतंय. घडी कोण घालतं, तर ‘प्रशिक्षित कर्मचारी’. वारा, तर ‘नियमानुसार’. सगळं कसं स्वच्छ.

तोमर सुभेदारांचं उत्तर काल आलं. रेघांच्या कागदाची दोन पानं, हातानं लिहिलेली, हिंदीत. ‘अपघाताविना दिवस’ समोर लिहिलंय २३. आणि खाली यादीच दिली आहे, दादा. गेल्या चार वर्षांत सात जण. चौघांचे घोटे मोडले, एकाचा दात पडला, एक बाई बाभळीत अडकली ती तासाभरानं उतरवली, एकाची पाठ तीन महिने धरली होती. प्रत्येकाचं गाव, तारीख, आणि पुढे ‘गलती किसकी’ असा रकाना. त्यात चार ठिकाणी ‘मेरी’ लिहिलंय. स्वतः शिकवणारा माणूस स्वतःच्या चुका मोजून पाठवतो! वर शेवटी लिहिलंय की मुलीला शंका असेल तर आणू नका, शंका नसेल तर अजिबात आणू नका. ह्याचा अर्थ मला लागला नाही. ह्यांनाही लागला नाही, आणि ह्यांना सहसा सगळ्याचा लागतो.

तेव्हा निवड झाली. गगनविहार. ६ जानेवारीच्या शिबिरासाठी वंदनाचं नाव दिलं. मला वाटलं होतं ती खूश होईल. तर ती दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघत बसली आणि मग हसली. कशाला हसतेस म्हटलं तर म्हणाली, ‘काही नाही आई, तुझं निवडणं आहे, तूच निवड.’ ह्या पोरीचं मला काही कळत नाही.

तुझी,
सिंधू

*

ग्वाल्हेर
१२ डिसेंबर १९९५

सिंधू,

तोमरकडे पाठव.

मालती म्हणते असं दोन शब्दांत लिहून चालत नाही, बहीण आहे. म्हणून लिहितो. मी त्या तोमरला ओळखत नाही. फौजेत तोमर पैशाला पासरी होते. पण ज्यानं चार वेळा ‘मेरी’ लिहिलं त्याच्या हातात मी माझी पोर देईन. दहा वर्षं रोज माणसं आकाशातून खाली येतायत आणि कोणाचा घोटासुद्धा मुरगळला नाही, असं आग्र्याला कधी झालं नाही, आणि आमच्याकडे तर शिस्तीला तोटा नव्हता.

तरी पोरीचं नाव देऊन झालंय तर एक कर. वंदनाबरोबर तू स्वतः जा. प्रत्येक पॅराशूटच्या पिशवीला एक छोटा खिसा असतो. त्यात एक कार्ड असतं. घडी कधी घातली, कोणी घातली, तारीख आणि सही. ते बघायला माग. नाही म्हणाले तर परत ये. हो म्हणाले तर नीट बघ. तारखा नको बघूस, तारखा कोणीही लिहितं. शाई बघ.

बाकी तूच ठरव. मी काही जबरदस्ती करत नाही. करतोय असं वाटत असेल तर करतोय.

दादा

*

भोपाळ
२० डिसेंबर १९९५

प्रिय मामा,

आईला न सांगता लिहितेय. तुझ्या पत्रानं ती फार चिडली आहे. म्हणते, दादा म्हातारा झाला, फौजेचा माणूस म्हटलं की त्याला सगळं बरंच दिसतं, पाय मोडलेलेसुद्धा. तरी ती सहा तारखेला माझ्याबरोबर येणार आहे. त्यासाठी रजेचा अर्ज टाकलाय, कारण लिहिलंय ‘कौटुंबिक निरीक्षण’.

तुला एक सांगायचं होतं, म्हणजे तू तोमरांकडे जा असं का म्हणतोस ते मला कळलं हे तुला कळेल. आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये शांतारामकाका राहतात, अकोल्याचे, कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या यंत्रावर. ऑगस्टमध्ये त्यांचा उजवा हात चेपला. तीन बोटं आता वळत नाहीत. पूर्ण कॉलनीत सांगितलं गेलं की इंद्रपुरीजवळ सायकलवरून पडले. मामा, शांतारामकाकांना सायकल येत नाही. लहानपणापासून मी त्यांना पायीच जाताना पाहिलंय. मी शिकवते म्हटलं होतं तर म्हणाले, ‘रहने दे बेटा, इस उमर में कौन गिरे.’

त्या दिवशी फलकावर ४६० होतं. दुसऱ्या दिवशी आईनं ४६१ लावलं. मी तिला कधी काही विचारलं नाही. विचारायला भीती वाटते, आणि विमानातून उडी मारायला वाटत नाही. हे कसलं कॉम्बिनेशन आहे, तूच सांग.

तू आईला ह्यातलं काही लिहू नकोस. प्लीज.

तुझी,
वंदना

*

ग्वाल्हेर
२८ डिसेंबर १९९५

सिंधू,

माझ्यावर चिडली असशील. चिड. पण जाण्याआधी हे वाच.

मी तुला आग्र्याच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या, एक सांगितली नाही. एकाहत्तरच्या आधीचं वर्ष. हॉलमध्ये लांब टेबलं असायची, एका टेबलावर दोघं जण घडी घालायचे, तिसरा तपासून सही करायचा. त्या दिवशी तिसरा मी होतो. माझ्या मित्राची बायको दवाखान्यात होती, त्याला लवकर निघायचं होतं, आणि त्यानं एक पॅराशूट घाईनं बांधलं. मी ते उघडून बघायला हवं होतं. नाही बघितलं. कार्डावर सही केली आणि त्याला म्हटलं, जा.

काही झालं नाही. पॅराशूट उघडलं. ज्या जवानानं ते लावलं होतं तो खाली उतरला, चहा प्यायला, आणि माझ्यासमोरून हसत गेला. त्याला काही माहीत नव्हतं. मित्रालाही नव्हतं. आजवर फक्त मला माहीत होतं आणि आता तुला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एकही सही न बघता केली नाही, लोक मला खडूस म्हणायचे. पण ती एक सही काही पुसता आली नाही. काहीतरी वाईट झालं असतं तर निदान शिक्षा तरी झाली असती.

हे मी तुला का लिहितोय ते मला नीट सांगता येत नाही. मालतीला वाचून दाखवलं नाही. तू फक्त कार्ड बघ.

दादा

*

भोपाळ
९ जानेवारी १९९६

ती. दादा,

आम्ही गेलो आणि परत आलो. वंदनानं उडी मारली नाही. आधी हे सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल, मग बाकीचं.

गगनविहार फार सुंदर आहे. गवत कापलेलं, खुर्च्या रंगवलेल्या, आणि स्वागताला एक मुलगी होती तिनं आम्हाला गुलाबाचं सरबत दिलं. भिंतीवर मोठ्या अक्षरात ‘३६९० दिन, शून्य दुर्घटना’. तो आकडा बघून मला आपल्याच गेटवर आल्यासारखं वाटलं आणि मी निर्धास्त झाले. जमिनीवरचं शिक्षण दुपारी दोन तास, संध्याकाळी उडी. मी कार्ड मागितलं. व्यवस्थापक म्हणाले, ‘ज़रूर मैडम, हमारे यहाँ सब पारदर्शी है,’ आणि पाच-सहा पिशव्या समोर आणून ठेवल्या.

दादा, मी कार्डं एकेक करून बघितली. एका वर्षाच्या नोंदी होत्या, जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत, सगळ्या भरलेल्या, एकही तारीख चुकलेली नाही. सगळ्या एकाच निळ्या शाईत. अक्षर वरती ताजं, खाली खाली थकलेलं. सगळ्याच कार्डांवर तसंच. कोणीतरी एका बैठकीत, चहा पीत, बारा महिने भरून काढले होते.

मला ते कसं कळलं, विचार. कारण मी तेच करते. आमच्याकडे आग विझवायच्या लाल नळकांड्यांवर अशीच कार्डं असतात, दर महिन्याला तपासून सही करायची. तपासणी करायला कोणी जात नाही. मार्चमध्ये बाहेरचे अधिकारी येणार म्हटलं की साहेब कार्डांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवतात आणि मी बसून भरते. मी निदान तीन पेनं वापरते. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? हाच, की ह्यांनी दुसरं पेन घ्यायलाही आळस केला. आणि मग माझ्याच मनाची मला लाज वाटली. पाठीला हे लावून माझी पोर चढणार होती.

मी वंदनाचा हात धरला आणि बाहेर आले. आम्ही परतीची बस धरली. सीहोर गेल्यावर मी विषय काढला. म्हटलं, शांतारामचं तुला माहीत आहे ना? ती म्हणाली, ‘हो.’

तुला माहीत नाही म्हणून लिहिते. ऑगस्टमध्ये प्रेस शॉपमध्ये शांतारामचा हात यंत्रात आला. मशीनची संरक्षक जाळी दोन दिवसांपासून तुटलेली होती. साहेबांनी मला बोलावून कागद टाइप करायला सांगितला: सदर कर्मचारी ड्यूटीबाहेर सायकलवरून पडून जखमी. म्हणाले, ‘सिंधूजी, ४६० दिन की मेहनत है सबकी.’ मी टाइप केला. शांतारामनं डाव्या हातानं सही केली, उजवा बांधलेला होता. दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढले आणि ४६१ लावले. बस, एवढंच. मी कोणाला ढकललं नाही, मशीन माझी नव्हती. असं मी पाच महिने स्वतःला सांगतेय.

आता माझा गोंधळ असा आहे, दादा. तिकडचं खोटं मला एका नजरेत दिसलं. पोरीसाठी दिसलं. मग शांताराम कोणाचा कोणी नव्हता का? आणि जी बाई स्वतः असली कार्डं भरते, तिनं निवडलेल्या जागेवर वंदनानं विश्वास का ठेवावा? तिला मी विचारलं. ती म्हणाली, ‘तू बरोबर आलीस ना, आणि परत घेऊन आलीस.’ मला रडू आलं. बसमधल्या एका बाईनं मला आवळा-सुपारी दिली, तिला वाटलं बस लागली.

आता तोमरांना लिहू का? तूच सांग. आणि फलकाचं काय करू, तेही सांग.

तुझी,
सिंधू

*

ग्वाल्हेर
१६ जानेवारी १९९६

सिंधू,

तोमरला लिही. बरोबर जा. तिथलीही कार्डं बघ. सुभेदार आहे म्हणून सोडू नकोस.

फलकाचं मला विचारू नकोस. मी पंचवीस वर्षांत माझं सांगू शकलो नाही, तुला काय सांगणार. तू जे करशील ते करून झाल्यावर कळव.

तू वाईट बाई नाहीस. हे लिहायचं नव्हतं पण मालती म्हणाली लिही. तिला मी परवा सगळं वाचून दाखवलं, तुझंही आणि माझंही.

दादा

*

भोपाळ
३० जानेवारी १९९६

ती. दादा,

हे तोमर म्हणजे विचित्रच प्रकरण आहे. सव्वीस तारखेची सुट्टी धरून आम्ही तिघं हबीबगंज स्टेशनहून गाडीनं गेलो, पुढे ट्रॅक्टरवर. तिथं ना खुर्ची ना सरबत. एक पत्र्याची शेड, एक जुनं विमान आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. सुभेदार माझ्याएवढेच उंच, साठीचे. मी कार्डं मागितली तर त्यांनी आधी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, ‘चार साल में आप पहली हैं जिसने माँगा.’ कार्डांवर तीन वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळ्या शाया, एकावर तेलाचा डाग. दोन महिने कोऱ्या जागा होत्या. का, म्हणून विचारलं, तर तेव्हा पाऊस होता आणि पॅराशूटं काढलीच नव्हती. कोऱ्या जागा बघून मला इतकं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवस वंदना नुसती एका ओट्यावरून उड्या मारून मातीत लोळत होती. कोपरं सोलली. हे तिच्या उड्या मोजत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी तयारी झाली, पाठीला पॅराशूट, पोटाला राखीव, ती विमानात चढायला निघाली आणि सुभेदारांनी त्या कापडी पिशवीकडे पाहून म्हटलं, ‘आज नहीं. घर जाइए.’ वारा मला तर काही विशेष वाटला नाही. पंख्यावर दोन नंबरला असतो तेवढाच. तीन तास थांबलो. नाहीच. परत आलो.

मला राग आला, सुटल्यासारखं वाटलं, आणि पुन्हा राग आला, सगळं एकाच वेळी. हे म्हणतात, दादानं सांगितलं होतं ना, किती जणांना घरी पाठवलं ते विचार. आता आपणच त्या यादीत.

१० फेब्रुवारीला पुन्हा बोलावलंय. इकडे गेटवर आज ६२६ लावले. ढालीसाठी साहेबांनी भाषण लिहायला घेतलंय. ते मलाच टाइप करायचं आहे.

तुझी,
सिंधू

*

भोपाळ
१२ फेब्रुवारी १९९६

ती. दादा,

वंदनानं शनिवारी उडी मारली. जिवंत आहे, आनंदात आहे, पाय सुजलेला आहे.

सकाळी नऊला विमान वर गेलं. मी वर बघितलं नाही. शेडमध्ये पाठ करून उभी होते आणि हे मला सांगत होते, आता एक ठिपका सुटला, आता उघडलं, आता उघडलं सिंधू, बघ. मग बघितलं. पांढरं, आणि त्याच्या खाली माझी पोर, एवढीशी. दादा, तू एकतीस वर्षं काय करत होतास ते मला तेव्हा कळलं. उतरताना ती लोळायचं विसरली आणि उभी राहायला गेली. घोटा मुरगळला, मोडला नाही. आम्ही धावत पोचलो तर ती मातीत बसून हसत होती आणि म्हणत होती, ‘आई, का ते अजून माहीत नाही. पण परत जायचंय.’

सुभेदारांनी तिचा पाय बघितला, पट्टी बांधली, आणि शेडमध्ये जाऊन वही आणली. आठवी नोंद. वंदना सिंधू-अशोक, भोपाळ, घोट्याला लचक. ‘गलती किसकी’च्या रकान्यात त्यांनी थोडा विचार करून लिहिलं, ‘मेरी, लोटना एक दिन और सिखाना था.’ वंदना म्हणाली, चूक माझी होती. ते म्हणाले, मग पुढच्या वेळी तुझी लिहू. मग वही माझ्यापुढे केली. साक्षीदाराची सही. दादा, मी आयुष्यात इतक्या सह्या केल्यात, पण ही पूर्ण वाचून केली.

काल रविवारी समोरच्या क्वार्टरमध्ये गेले. शांताराम डाव्या हातानं मेथी निवडत बसला होता. त्याला म्हटलं, मला खरं लिहून द्यायचं आहे, पण त्यात तुझं नाव येणार, तुझी ती सहीही येणार. तुझी हरकत असेल तर नाही लिहीत. त्यानं मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाला, ‘मला सायकल येत नाही हे पूर्ण कॉलनीला माहीत होतं, ताई. कोणी विचारलं नाही, ह्याचंच वाईट वाटत होतं. लिहा.’

आज सकाळी साडेसातला साहेबांच्या टेबलावर माझा अर्ज ठेवला. हातानं लिहिलेला, तारखेसकट, तुटलेल्या जाळीसकट. आगीच्या कार्डांबद्दलही लिहिलं. शेवटी ‘चूक कोणाची’ म्हणून रकाना आखला आणि त्यात माझं नाव घातलं. साहेबांचं नाव त्यांनी स्वतः घालावं म्हणून जागा सोडली. त्यांनी दोनदा वाचलं. ओरडतील असं वाटलं होतं, तर त्यांनी अर्ज उलटून मागची बाजू बघितली आणि म्हणाले, ‘सिंधूजी, इसके लिए तो कोई फ़ॉर्म ही नहीं है.’

पुढे काय होईल मला माहीत नाही. बदली होईल, कदाचित जास्तही. ह्यांना सांगितलंय. हे म्हणाले, सुरक्षा तुझं खातं आहे.

पावणेआठला मी नेहमीसारखी स्टुलावर चढले. आज ६३९ लावायचे होते. शनिवारचा ६३७ तसाच लटकत होता. तिन्ही पत्रे काढले. खालच्या पेटीत शून्याचा पत्रा शोधला आणि तो एकटाच मधल्या खिळ्याला अडकवला. पाळीवर येणारी माणसं गेटपाशी थांबली. सायकली थांबल्या. कोणी काही विचारलं नाही, आणि मी उतरायला गेले तर स्टूल डगमगलं.

शांताराम पायी आला. गर्दीतून पुढे होऊन त्यानं फलक वाचला. मग स्टूल धरलं, डाव्या हातानं, मी उतरेपर्यंत.

‘उद्या एक लावा, ताई,’ म्हणाला, आणि आत गेला.

तुझी,
सिंधू